नील कोण?

कल्याण, ६ जानेवारी १९५२

ती. हरिहरदादांस चित्राचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे. वहिनींचा खोकला कसा आहे?

आमच्या दवाखान्यात नोराबाई म्हणून एक आयरिश म्हातारी आहे, रेल्वेतल्या गार्डाची विधवा. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला आणि तिचं इंग्रजी बोलणं गेलं. विचारलेलं समजतं, पण उत्तर देते लहानपणच्या आयरिश भाषेत. ती भाषा दवाखान्यात कुणालाच येत नाही. तिचा बंगला सांभाळणारे गोपीनाथ म्हणतात, ती सारखं नीलचं नाव घेते, नील तिचा विलायतेतला पुतण्या असणार, तिला त्याच्याकडेच पाठवू. दोन फेब्रुवारीची बोटही ठरवलीय. मला हा माणूस सरळ वाटत नाही. नीलचं एकही पत्र मी पाहिलेलं नाही, आणि गोपीनाथांचं बिऱ्हाड मात्र बंगल्यात येऊन राहिलंय.

म्हणून मी आयरिश शिकणार आहे. चर्चचे गोव्याचे पाद्री शिकवतो म्हणतात. हसू नका.

तुमची,
चित्रा

ठाणे, १४ जानेवारी

चि. चित्रास अनेक आशीर्वाद.

हसलो नाही, धास्तावलो. चौतिसाव्या वर्षी नवी भाषा, तीही चर्चमध्ये? काल तुला न कळवता कल्याणला येऊन त्या पाद्र्यांना भेटलो. माणूस सभ्य आहे. पण खोदून विचारल्यावर म्हणाले, मला फक्त तीन प्रार्थना येतात, एका आयरिश पाद्र्यानं पाठ करून घेतलेल्या, अर्थ मलाही ठाऊक नाही. असल्या घोकंपट्टीनं म्हातारीचं काय कळणार? भाषा व्याकरणानं शिकावी. शाळेत संस्कृत मी तसंच शिकवतो. फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आयरिश व्याकरण शोधतो, मिळालं की पाठवतो. तू गोपीनाथांकडून नीलचा पत्ता माग.

तुझा काळजीखोर,
हरिहर

कल्याण, २१ जानेवारी

ती. दादांस नमस्कार.

माझ्यामागे चौकशी केलीत, याचा राग आला आहे. तरी लिहिते.

पत्ता मागितला. गोपीनाथ म्हणाले, तिकडचे चर्चवाले नीलला शोधून काढतील. म्हणजे पत्ताच नाही!

तुम्ही पाठवलेलं पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय एक आणि बाई बोलते भलतंच. छापलंय ‘उइस्के’, ती म्हणते ‘इश्का’. अर्थ पाणी. आमची आया सखुबाई तर ‘इश्क’ समजून लाजलीच. आता ड्यूटी संपली की मी खाटेशी बसते, वस्तू दाखवते, ती नाव सांगते. अठ्ठावीस शब्द झाले. पण नील कोण, हे कोणती वस्तू दाखवून विचारू? पुस्तक परत पाठवतेय, तुम्हीच वाचा. दिवस थोडे उरलेत.

रागावलेली,
चित्रा

ठाणे, २५ जानेवारी

चि. चित्रास आशीर्वाद.

पुस्तकात कुठे धर्मप्रचार आहे का, या शंकेनं आधी वाचायला घेतलं, आणि पाचव्या पानावर थबकलो. या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्दच नाहीत. ‘आहेस का’ विचारलं की क्रियापदानंच उत्तर द्यायचं. ‘आहे’ला ‘ता’. ‘नाही आहे’ला ‘नील’.

तीनदा वाचून खात्री केली. काय विचारल्यावर ती नील म्हणते, ते आठव.

तू इथे सुखात आहेस का, हे असं विचार: ‘अन विल तू सास्ता अन्शो?’ आपला ‘तू’ त्यांच्याकडेही ‘तू’च. उच्चार तिच्या तोंडून दुरुस्त करून घे, त्यात तुझीच रीत खरी. तुझ्यावर पाळत ठेवली, ते चुकलं माझं.

तुझा,
हरिहर

कल्याण, ३० जानेवारी

ती. दादांस नमस्कार.

आठवलं. गोपीनाथ रोज विचारायचे, जायला तयार आहात ना? आणि ती म्हणायची, नील.

काल डॉक्टरांसमोर तुमचं वाक्य विचारलं. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, “ता.” मग डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, बोटीनं जायला तयार आहात का. “नील.” डॉक्टरांनी प्रवासाच्या कागदावर सही केली नाही. गोपीनाथ म्हणाले, मला खरंच ते माणसाचं नाव वाटलं. खरं की खोटं, मला कळलं नाही. बिऱ्हाड अजून बंगल्यातच आहे. पाद्री जाऊन बघणार आहेत.

सगळे गेल्यावर तिनं मला काहीतरी विचारलं. त्यात ‘आनिम’ होता. तो शब्द मला येत होता, त्याचा अर्थ नाव. ती माझ्याकडे बोट करत होती. दादा, तीन महिने मी तिला भरवते, न्हाऊ घालते, आणि माझं नाव तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

पुस्तकाची पुढली पानं वाचून ठेवा, आणि माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
चित्रा