टायर सोडून बाकी सगळं

शनिवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळ. गच्ची.

आजपासून रोज लिहायचं. सगळे मोठे इंजिनिअर लॉगबुक ठेवतात. मी इंजिनिअर नाही (टेक्निकली दोन विषय राहिलेत), पण लॉगबुक आहे.

आज बाबांच्या ट्रकला पुढे नवीन चाकं लावली. नवीन म्हणजे जिमवाल्या मित्राकडची, रिमसकट. जाड, उंच, दातेरी. दोनच मिळाली. दोन पुरे. ट्रककडे लोक समोरूनच बघतात. काढलेली जुनी दोन गच्चीवर आणली आणि त्यांच्यावर उशा ठेवल्या. एकावर बसून हे लिहितोय. मस्त सीट झालीये.

प्लॅन: ताई डॉक्टर झाली. डोंगरावरच्या दवाखान्यात नेमणूक. सोमवारी, १४ तारखेला, सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. शेवटचे नऊ किलोमीटर नुसता चिखल आणि चढ. चारही चाकांनी ओढणारी गाडी असेल तरच सामान वर जाईल, आणि तशी गाडी अख्ख्या नातेवाइकांत फक्त आमच्याकडे आहे. मी ताईला पोचवणार आणि वर्षभर तिथेच तिचा ड्रायव्हर म्हणून राहणार. मोकळी हवा, स्वतःची खोली, 'अजून उठला नाही का' विचारायला कोणी नाही.

बाबा हो म्हणालेत. अट एकच, ट्रक वेळेवर तयार हवा. नसेल तर १४ तारखेलाच त्यांच्या मित्राच्या ऑफिसात रुजू व्हायचं. ते ऑफिस बेसमेंटमध्ये आहे. खिडकी नाही. फायली आहेत.

ट्रक माझ्या हातात आहे म्हणजे तयारच आहे.

रविवार, ६ नोव्हेंबर.

टेस्टिंग. छोटा लिव्हर 'फोर हाय'ला टाकला, म्हणजे चारही चाकं ओढायला लागतात. दिवसभर गावातून फिरलो. हे चिखलासाठी असतं, डांबरी रस्त्यावर वापरायचं नसतं, असं मॅन्युअलमध्ये आहे म्हणे. मॅन्युअल जुनं आहे.

तीन वेळा मार्केटवरून गेलो. चार लोकांनी वळून बघितलं. वळताना ट्रक थोडा नाचतो. ताकद आहे ना.

सोमवार, ७ नोव्हेंबर. दुपार.

प्रॉब्लेम. छोटा पण इंटरेस्टिंग.

सकाळी ट्रक बाहेर काढत होतो. आमचं गेट अरुंद, समोरचा रस्ता त्याहून अरुंद, त्यामुळे बाहेर पडतानाच स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. फिरवलं. ट्रकने दोन उड्या मारल्या, खालून 'कर्रर्र' झालं आणि इंजिन बंद. पुढची चाकं रस्त्यावर, हौदा आत, केबिन बरोबर गेटच्या दोन खांबांमध्ये. दोन्हीकडची दारं वीतभरच उघडतात. छोटा लिव्हर फोर हायमधून निघेना. दोन्ही हातांनी ओढला, पायाने ढकलला.

चाळीस मिनिटं आत बसलो. बाहेर पडता येत नव्हतं म्हणून नाही. आवाज ऐकत होतो. इंजिन बंद होतं, तरी पण. नंतर खिडकीतून टपावर चढून उतरलो. हा रूट लक्षात ठेवायला हरकत नाही.

बाबा म्हणाले, जरा मागे घेऊन बघ. बाबांचं प्रत्येक गोष्टीत हेच. अर्ज मागे घे, शब्द मागे घे, गाडी मागे घे. मी म्हटलं, हा ट्रान्सफर केसचा इश्यू आहे. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा छोटा डबा, इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देतो. आत चेन असते. ती ताणली गेलीये. अशात मागे घेतलं तर तुटेल. बाबांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, रिसर्च. (एक व्हिडिओ. अर्धा. नेट गेलं.)

काचेवर कागद चिकटवला: 'डायग्नोसिस सुरू आहे. गाडी हलवू नये.'

मंगळवार, ८ नोव्हेंबर.

घरातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता नाही. बाबांची कार आणि आईची स्कूटर ट्रकच्या मागे अडकल्यात. कंपाउंडच्या भिंतीला आतून एक स्टूल आणि बाहेरून एक स्टूल लावून दिलं. बाबा ऑफिसच्या कपड्यांत भिंतीवर चढले आणि दोन मिनिटं वरच बसून राहिले. शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, 'काय हो, किल्ली विसरलात?' बाबांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

दुपारी ताई हौद्यात खोकी भरत होती. पुस्तकं, गादी, औषधांचा छोटा फ्रीज. तिने विचारलं, 'त्रास सुरू व्हायच्या आधी नवीन काय झालं होतं?'

मी विचारलं, म्हणजे?

ती म्हणाली, पेशंट आला की आम्ही पहिलं हेच विचारतो. नवीन काय खाल्लं, नवीन काय बदललं. निम्मं निदान तिथेच होतं.

मी म्हटलं, 'काही नाही.'

टायर सोडले तर खरंच काही नाही. आणि टायर म्हणजे रबर. रबराचा आतल्या गिअरशी काय संबंध. शिवाय टायरचं नाव काढलं असतं तर बाबांनी लगेच चाकं उतरवायला लावली असती, आणि डोंगरावर काय ते जुने गुळगुळीत घेऊन जायचं?

संकल्प: उद्या ट्रान्सफर केस उघडायची.

बुधवार, ९ नोव्हेंबर. सकाळी १०.

उघडायच्या आधी ऑइल काढतात. ट्रकखाली शिरलो, खालचा बोल्ट काढला, आईच्या कपडे भिजवायच्या टबात सगळं ऑइल सोडलं. काळं. बोल्टला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी पेस्टसारखं काहीतरी लागलेलं. लोखंडाचा बारीक चुरा. म्हणजे चेन झिजली. मी म्हटलंच होतं. फार आनंद झाला.

दुपारी १.

व्हिडिओचा उरलेला अर्धा बघितला. त्यात आहे की असा चुरा थोडा असतोच, काळजीचं कारण नाही. त्यातच पुढे आहे की ऑइल काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट उघडतो की नाही ते बघून घ्या. आधी वरचा, मग खालचा.

वरचा उघडत नाहीये.

दुपारी ४.

अजून उघडत नाहीये. पाना घसरला. बोल्टचे कोपरे थोडे गोल झालेत. आता ट्रान्सफर केसमध्ये ऑइलचा थेंब नाही, भरता येत नाही, आणि ऑइलशिवाय ट्रक एक फूटही हलवायचा नाही. पण बरी बाजू बघायला हवी. परवापर्यंत ट्रक का हलत नाही ते माहीत नव्हतं. आता एक कारण तरी पक्कं माहीत आहे.

बाहेर निघताना टी-शर्ट कशात तरी अडकला. अर्धा तास आकाश बघायला मिळालं असतं, पण वर ट्रक होता. शेवटी आईने पाय धरून ओढलं. ओढता ओढता म्हणाली, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

टबाचा काळा डाग निघतोय का बघतोय. निघत नाहीये.

गुरुवार, १० नोव्हेंबर.

बाबांनी न विचारता मिस्त्रींना बोलावलं. बाबा पूर्वी धंदा करायचे तेव्हापासून तेच ट्रक बघतात. मिस्त्री आत आलेच नाहीत. गुडघे दुखतात, भिंत चढणार नाही म्हणाले. रस्त्यावरच ट्रकसमोर उभे राहिले, पुढून बघितलं, मग वाकून खालून मागच्या चाकांकडे बघितलं आणि हसायला लागले.

'पुढच्या पायात बूट, मागच्या पायात चप्पल. चालणार कशी बिचारी?'

मीही हसलो. सिनिअर माणूस आहे, मान द्यावा लागतो. मग नम्रपणे सांगितलं की केस कॉम्प्लेक्स आहे, चेनचं आहे, मी करतोय. ते म्हणाले, बरं बुवा, कर. कधी बोलवायचं तेव्हा बोलव. आणि जाता जाता बाबांच्या कानात काहीतरी बोलले. बाबांनी कपाळावर हात मारला. गुडघ्यांबद्दल असणार.

जुन्या लोकांचं वाईट वाटतं. जोक मारतात, डेटा बघत नाहीत.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर.

आज चेकलिस्ट केली. लिव्हरचा रॉड: ओके. वायरिंग: ओके. फ्यूज: ओके (एक काढताना तुटला, तो हॉर्नचा होता). गिअरबॉक्सचे नट: ओके. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा: ओके. टायर सोडून बाकी सगळं तपासलं. म्हणजे शंभर टक्के चेनच.

बाबांनी जेवताना विचारलं, तुझ्या टायरचं काय? मी म्हटलं, टायर एकदम नवीन आहेत बाबा, त्यांना काय होणार. बाबा ताईकडे बघून म्हणाले, मी काही सांगत नाही, माझं ऐकत नाही तो. ताईने जेवण थांबवलं. 'कुठले नवीन टायर?'

आठवडाभर ती वरून, हौद्यातूनच खोकी भरतेय. भिंतीवरून उतरते ती मागच्या गल्लीत, त्यामुळे पुढून ट्रक तिने बघितलाच नव्हता. मी म्हटलं, उद्या दाखवतो. उद्या सगळं क्लिअर होईल.

ऑफिसवाल्या काकांचा फोन आला होता. सोमवारी काळी पँट घालून यायला सांगितलंय. मी कळवणार होतो की मी त्या दिवशी डोंगरावर असेन. बाबा म्हणाले, थांब.

शनिवार, १२ नोव्हेंबर.

सकाळी ताई भिंत चढून रस्त्यावर गेली. पर्समधून कापडी टेप काढली. बाळाच्या डोक्याचा घेर मोजायची, त्यावर ससे आहेत. तिने पुढच्या टायरचा घेर मोजला. मग आत येऊन मागच्याचा. पुढचा जवळजवळ एक वीत जास्त. मग मला समोर उभं करून समजावलं, जसं एखाद्या पेशंटच्या नवऱ्याला समजावतात. चारही चाकं एकत्र बांधलेली असताना मोठं चाक सावकाश फिरतं, लहान भरभर. दोघं एकमेकांना ओढत बसतात. आतला दांडा पिळला जातो, लिव्हर त्यात चिमटतो. डब्याला काही झालेलं नाही. चेन छान आहे.

मी म्हटलं, ही एक थिअरी झाली.

मिस्त्री आले. आज भिंत चढले, ताईसाठी. पान्याला तीन फूट पाइप लावला, वरचा बोल्ट एका झटक्यात उघडला, नवा लावला, ऑइल भरलं. खिडकीतून केबिनमध्ये ताईच शिरली. सुरू केला. बाबा आतून म्हणाले, जरा मागे घे.

तिने तीन फूट मागे घेतला. 'टक्' आवाज आला. लिव्हर तिने दोन बोटांनी पुढे केला.

पाच दिवस मी त्याला पायाने ढकलत होतो.

दुपारभर गच्चीवरून जुनी चाकं खाली आणली. उशा काढताना कळलं की टायर अजिबात गुळगुळीत नाहीत. चांगले आहेत.

संध्याकाळी ताईला सांगितलं की माझी बॅग भरून तयार आहे. ती ट्रकच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, 'चुकीची चाकं लावलीस त्याचं काही नाही रे. कुणीही लावेल. पण मी विचारलं तेव्हा काही नाही म्हणालास. तिथे वर मी एकटी असणार. काय झालं विचारलं की खरं सांगणारा माणूस हवाय मला.'

मी म्हटलं, मी विसरलो होतो.

ती म्हणाली, 'हेच.'

रविवार, १३ नोव्हेंबर. सकाळ.

सात वाजता निघाले. ताई चालवतेय, शेजारी बाबा. परत येताना बाबा बसने येणार, ट्रक तिच्याकडेच राहणार. जाताना ताईने माझे केस विस्कटले आणि म्हणाली, दोन विषय सोडव आधी.

बॅग अजून भरलेलीच आहे. तिने मन बदललं तर. नऊ वाजता फोन करून बघितला. रेंज नाही.

दुपार.

फोन आला. चढ चढले, लिव्हर एकदाही अडकला नाही. उद्याऐवजी आजच हजर झाली. सामान उतरवायला गावातली माणसं आली. मी विचारलं, चेनचा काही आवाज? बाबांनी फोन आईला द्यायला सांगितला.

आठवड्याने गेट पहिल्यांदा मोकळं झालंय. कुठूनही कुठेही जाता येईल. मी बराच वेळ मध्ये उभा राहिलो, दोन्ही खांबांना हात लावून. आई स्कूटरवरून बाहेर निघाली. म्हणाली, पखाल म्हणजे पाणी भरायची कातड्याची पिशवी, ती रेड्याच्या पाठीवर असते. आणि मी गेल्यावर गेट लावून घे.

लावलं.

सोमवार, १४ नोव्हेंबर. बेसमेंट. जेवणाची सुट्टी.

सकाळी दहाला हजर. काळी पँट. फायली अंदाजापेक्षा जास्त आहेत. खाली चाकं असलेली खुर्ची दिलीये, पण ती टेबल आणि कपाटाच्या मध्ये अडकली. पुढे होईना, वळेना. खाली वाकून बघितलं. पुढच्या चाकाचं बेअरिंग असावं. स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फाइलमधून डोकंही वर केलं नाही. म्हणाल्या, जरा मागे घ्या.

घेतली. सुटली.