तुमचं ते ‘बरोबर ना?’

वणी,
मंगळवार, १८ मार्च २०२५

श्रीमती उज्वलाताई विहीणबाई यांना कुसाबाईचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून नवल वाटेल. हातात फोन असताना पोस्टात कोण जातं, हे आमच्या घरातही विचारून झालं. पण फोनवर तुमच्यापुढे माझा टिकाव लागत नाही. माझं वाक्य अर्धं होतं तोवर तुमचं ‘हो ना, हो ना’ सुरू होतं. मग ‘आता काय सांगू तुम्हाला’ म्हणून तुम्ही अर्धा तास सांगता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘बरोबर ना?’ लावता. मी बरोबर म्हणते आणि फोन ठेवते. माझं सांगायचं राहूनच जातं. कागदावर मला मध्ये कुणी तोडणार नाही.

धुळवडीला रुद्र इथे दोन दिवस होता. पावणेतीन वर्षांचं पोर. कान तपासून झाले, चांगले आहेत. सगळं समजतं, पण तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांनी त्याच्याशी भरपूर बोला. जयराम आणि चैताली नोकरीवर, पोर दिवसभर तुमच्याकडे. म्हणजे बोलण्याची कमी नाही, हे मी देवीसमोर उभं राहून सांगेन. गेल्या महिन्यात एक दुपार तुमच्याकडे बसून पाहिलं. त्यानं माठाकडे बोट केलं की तुम्ही लगेच ‘पाणी हवंय ना सोन्याला? गार हवंय ना? बरोबर ना?’ आणि पेला तोंडाशी. त्याच्या वाटचं सगळं तुम्हीच बोलून टाकता. त्याची पाळी येणार कधी?

राग आला असेल तर येऊ द्या. मलाही येतो. माझ्या मुलाचा मुलगा मला सणासुदीला मिळतो, पाहुण्यासारखा. तुमच्या मांडीवर झोपतो आणि माझ्या मांडीवर बसला की दाराकडे पाहतो. मला ते बघवत नाही. तो पहिल्यांदा ‘आजी’ म्हणेल ते कुणाला, हा विचार डोक्यातून जात नाही.

म्हणून मागते. पाडव्यानंतर महिनाभर त्याला वणीला पाठवा. तेवढे दिवस तुम्ही यायचं नाही, फोनवर त्याच्याशी बोलायचंही नाही. मी त्याला गप्प बसून बोलतं करीन.

रागावलात तरी माया आटू देऊ नका, एवढंच.

आपली,
कुसाबाई

नाशिक,
२३ मार्च २०२५

सौ. कुसाबाई विहीणबाईंना उज्वलाचा स. न. वि. वि.

पत्र वाचलं, परत वाचलं, मग चहा केला आणि तो गार होईपर्यंत बसून राहिले. आता काय सांगू तुम्हाला! (बघा, लिहितानाही येतंच. खोडत नाही, असू दे.)

मी बोलते हे खरं. हे गेल्यापासून जास्तच बोलते. घरात कुणीच बोललं नाही तर भिंती अंगावर येतात. पण विहीणबाई, शब्दांचाच हिशेब मांडायचा तर तुमचाही मांडू या. तुमचं ते ‘बघू’. कशालाही बघू. लग्नाचा हॉल ठरवतानाही बघू, बारशाची तारीख विचारली तरी बघू. आणि दुसरं, ‘चालायचंच’. दूध उतू गेलं, चालायचंच. ह्यांच्या दहाव्याला तुम्ही माझ्या शेजारी बसलात, माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, चालायचंच. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण तो शब्द कुणाच्याही तोंडून ऐकला की अजून मी तिथून उठून जाते.

झालं, बोलून मोकळी झाले. आता मुद्द्याचं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जागा बदलून बघायला हरकत नाही. चैतालीला बँकेत एप्रिलभर ऑडिटचं काम आहे, तिलाही बरं. म्हणजे सगळ्यांना बरं, मी सोडून. पाठवते. तुमची अट मान्य. तो बोलणार असेल तर माझं तोंड महिनाभर शिवून ठेवीन.

पण एक सांगते. त्यानं तुम्हाला आधी ‘आजी’ म्हटलं तर मी पेढे वाटीन आणि घरी येऊन रडीन. दोन्ही करीन.

जळले तरी तुमचीच,
उज्वला

वणी,
४ एप्रिल २०२५

श्रीमती उज्वलाताईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

जयराम रुद्रला सोडून गेला. पोर रडलं नाही. पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांतून फिरलं, कोठीतही डोकावलं. कुणाला शोधत होतं ते विचारू नका.

मी ठरवल्याप्रमाणे करते. तो बोट दाखवतो, मी उभी राहते. तो पुन्हा दाखवतो, मी उभीच. मग तो स्वतःच पाट ओढतो, त्यावर चढतो आणि पाणी घेतो. पाणी घेणं शिकला, बोलणं नाही. आमचे हे म्हणाले, ‘लय ताणू नको गं, पोरगं हाय ते.’ ह्यांना बोलायला काय जातं? दिवसभर बागेत छाटणी चालली आहे, ते तिकडेच असतात.

चैतालीनं बॅगेत तुमचं एक जुनं सुती पातळ घालून दिलं आहे. ते तोंडाशी धरल्याशिवाय तो झोपत नाही. मी ते काल धुऊन टाकलं. मळलं नव्हतं. तुमचा वास जावा म्हणून धुतलं, खोटं कशाला बोलू? रात्री त्यानं हुंगून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग बराच वेळ जागाच होता. मीही जागी होते.

बाकी ठीक. तब्येतीला जपा, आणि माझ्याबद्दल फार वाईट चिंतू नका.

आपली,
कुसाबाई

नाशिक,
९ एप्रिल २०२५

सौ. विहीणबाईंना स. न. वि. वि.

पातळ धुतलंत! बरं केलंत. मी असते तर मीही धुतलं असतं.

इथे मी कुकरशी बोलते. शिट्टी झाली की म्हणते, झाली ना, बरोबर ना? शेजारच्या ठमाबाई काल दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. त्या हळूच गेल्या. आता सोसायटीत काय पसरलं असेल कोण जाणे.

दुपारी त्याची झोपायची वेळ झाली की मी उगाच पडदे ओढते. सवय. मग आठवतं, आणि तुमचा राग येतो. आत्ता तो तुमच्याजवळ आडवा झाला असेल, तुमच्या हाताची बोटं मोजल्यासारखी धरत असेल, हे सगळं डोळ्यांसमोर येतं. तुम्हाला ते फुकट मिळतंय असं वाटतं. मी त्याची दोन वर्षं शी-शू काढली आहे हो.

एकच विचारते. काही बोलला का? मोठं पत्र नको. हो किंवा नाही, एवढं लिहा. तुमचं ‘बघू’ लिहू नका.

वाट पाहणारी,
उज्वला

वणी,
१५ एप्रिल २०२५

श्रीमती उज्वलाताईंना नमस्कार, वि. वि.

इकडे ऊन फार आहे. चैत्राच्या यात्रेची गर्दी होती, गडाकडे जाणाऱ्या लोकांना आम्ही फाटकाशी पाण्याचे माठ ठेवले होते. छाटणी संपत आली. शेळीला पिल्लू झालं आहे, रुद्र त्याच्या मागे असतो. जेवण चांगलं आहे. मेथीची भाजी खातो, तुमच्याकडे खात नव्हता असं चैताली म्हणाली.

विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

आपली,
कुसाबाई

वणी,
१७ एप्रिल २०२५

विहीणबाईंना रंगनाथचा रामराम.

मला पत्राची सवय नाही. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज सगळ्या वस्तीला ऐकू जातो, मग आमच्या घरातलीला कसा जाणार नाही? हे तिच्या नकळत लिहितो आहे आणि गावच्या शेती सोसायटीत जाताना पेटीत टाकतो आहे.

पोरगं बोललं. सोमवारी सकाळी बोललं. मी समोर होतो. त्यानं मेथीची काडी शेळीच्या पिल्लापुढे धरली, मान तिरकी केली आणि म्हणाला, ‘बलोबल ना?’ अगदी तुमच्या चालीत. मला इतकं हसू आलं की मी बांधावरच बसलो. तेव्हापासून दिवसभर तेच चाललं आहे. पाणी प्यायला की बलोबल ना, चप्पल घातली की बलोबल ना. काल मला दाढी करताना पाहून म्हणाला.

आमची मात्र त्या वेळी बादली घेऊन शेजारीच होती. ती हसली नाही. बादली ठेवून आत गेली. मी मागून गेलो तर म्हणाली, ‘कोणाला सांगायचं नाय. अजून नीट बोलला नाय तो.’ रात्री भाजीत मीठ नव्हतं. मी तशीच खाल्ली.

रविवारी जयराम येणार आहे, तेव्हा कळणारच. पण ते आधी तुम्हाला कळायला पाहिजे, असं मला वाटलं. शब्द तुमचा आहे. विषय संपला.

तिच्यावर चिडू नका. ती वाईट नाही, तिला फक्त लय लागलं आहे.

आपला,
रंगनाथ

नाशिक,
२१ एप्रिल २०२५

सौ. कुसाबाई विहीणबाईंना स. न. वि. वि.

व्याह्यांचं पत्र शनिवारी मिळालं. त्यांना बोलू नका. काल चैतालीनंही फोन केला, हसत होती आणि रडत होती. रेकॉर्डिंग पाठवते म्हणाली. मी नको म्हटलं. मला ते आधी फोनमधून ऐकायचं नाही.

तुम्ही ‘विशेष काही नाही’ असं लिहिलंत. ते वाचून मी काय केलं माहीत आहे? देवापुढे बसून तुमची कीव केली. म्हटलं, बिचाऱ्या, इतकं करतात आणि पोर बोलत नाही. आता माझीच कीव येते.

चिडले का? हो, चिडले. पण लपवलंत म्हणून कमी. जास्त कशाची आग होते ते सांगते. दोन वर्षं मी त्याच्या कानात ओतत होते, लोक नावं ठेवत होते, तुम्ही तर पत्र लिहून ठेवलीत. आणि त्याचं तोंड उघडलं तेव्हा समोर कोण, तर तुम्ही आणि शेळी! शब्द माझा आणि ऐकायला मी नाही. तुम्ही बादली घेऊन उभ्या होतात ना, त्या बादलीचासुद्धा मला हेवा वाटतो.

तुम्हाला वाटत असेल, मी जिंकले. काय जिंकले मी? माझ्या घरात अजून कुकरच बोलतोय. आणि तुमचं म्हणणं खरंच ठरलं. तुम्ही गप्प राहिलात म्हणून तो बोलला, हे मला कळत नाही असं नाही. कळतं म्हणूनच जास्त झोंबतं.

महिना पुरा व्हायला अजून अवकाश आहे. मी शब्द दिला आहे, येणार नाही. पण ह्यापुढे जे होईल ते मला लिहा. माझ्या विरुद्ध असलं तरी लिहा.

ह्या वेळी लोभ मागत नाही, खरेपणा मागते.
उज्वला

वणी,
२५ एप्रिल २०२५

श्रीमती उज्वलाताईंना कुसाबाईचा सा. न. वि. वि.

लपवलं ते चुकलं. कारण तुम्हाला माहीत आहे, मला पुन्हा लिहायला लावू नका. त्या सोमवारी त्याच्या तोंडून तुमचा आवाज निघाला तेव्हा मला वाटलं, माझ्याच अंगणात तुम्ही येऊन उभ्या आहात आणि मी तुम्हाला बोलावलेलं नाही.

तुम्ही खरेपणा मागितलात. तर काल संध्याकाळचं सांगते. हे दिंडोरीला गेले होते, घरात आम्ही दोघंच. मी भाकरीचं पीठ मळत होते. बाहेरून हाक आली, ‘आजी!’ अर्धी नाही, बोबडी नाही, स्वच्छ. उज्वलाताई, मी पिठाच्या हातांनी धावले. इतकी मी जयरामच्या पहिल्या शब्दालाही धावले नव्हते.

तो फाटकाशी उभा होता. दोन्ही हातांनी गज धरले होते आणि नाशिककडून गाड्या येतात त्या रस्त्याकडे पाहत होता. मी मागून ओ दिली. त्यानं वळून पाहिलं. चांगलं पाहिलं, हसलाही. आणि परत रस्त्याकडे तोंड करून आधीपेक्षा मोठ्यानं हाक मारली, ‘आजी!’

मग मी ओ दिली नाही. तो आणखी हाका मारत राहिला आणि मी त्याच्या मागे, पदराला पीठ लावत उभी राहिले. काय वाटलं ते लिहिता येत नाही. वाटलं, त्याला उचलावं, तोंड माझ्याकडे फिरवावं आणि म्हणावं, अरे, आजी इकडे आहे.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी एवढंच लिहिलं असतं की रुद्र माझ्याकडे ‘आजी’ म्हणाला, तर ते खोटं ठरवायला कुणी आलं नसतं. जन्मभर माझ्याच नावावर राहिलं असतं. रात्रभर तो विचार केला. सकाळी उठून कागद घेतला.

हाक तुमची आहे. मी नुसती ऐकली.

अट मी घातली होती, मीच मोडते. पत्र मिळालं की निघा. संध्याकाळच्या सुमाराला पोचा, तो तेव्हा फाटकाशी असतो. गाडी थोडी अलीकडेच सोडा आणि चालत या. तुम्ही आधी काही बोलू नका, लांबून हातही करू नका. त्यानं हाक मारेपर्यंत रस्त्यावर थांबा, कितीही वेळ लागला तरी. मी घरात असेन, बाहेर येणार नाही. त्यानं मारली की मग ओ द्या.

तुमच्यावर जळणारी,
कुसाबाई