हिराचं अळणी पान

७ जुलै १९३३, रत्नागिरी
हिरानं अबोली माळणं सोडलं! काकणंही गेली — हातात एकेकच. अंगावर जाडंभरडं खादीचं लुगडं. शेजारच्या गुणाजीकाकांची ही मुलगी, परवापर्यंत फुलांसाठी आमचं कुंपण ओलांडायची. चार दिवसांत एवढा साधेपणा? कुणासाठी?

१५ जुलै
कळलं. लायब्ररीत महिपत मास्तरांचं व्याख्यान — साध्या राहणीवर. हिरा बायकांत सगळ्यांच्या पुढं. मास्तरांचा सदरा खादीचा खरा, पण इस्त्री बघा!

२१ जुलै
हिराची आई, हौसाकाकू, माझ्या आईला सांगत होत्या, "आमची हिरा अळणी जेवते गो. चातुर्मासाचा नेम धरलान. कशासाठी, ता सांगीत नाय. सांगितला तर मोडेल ना!"
न सांगण्यासारखं काय असतं पोरींचं? नवरा. दुसरं काय!

२२ जुलै
आईचं एक लुगडं अंगावर, एक दोरीवर. त्यावर कुणी व्याख्यान देत नाही. माझा मित्र काशीराम मला म्हणाला, "तू अगदी साधा रे!" — म्हणजे मूर्ख. मास्तरांचा साधेपणा टाळ्यांचा. आणि हिराचा? त्यात काहीतरी लपलंय. नक्की लपलंय.

८ ऑगस्ट
दोन दिवस जेवलो नाही. आईनं विचारलं, तिच्यावरच खेकसलो.

१९ ऑगस्ट
आज विहिरीवर गाठलं हिराला.
"मास्तरांसाठी ना?"
हसली. हसली!
"डोकं फिरलंय तुझं."
"मग कुणासाठी ते सांग. नाहीतर मास्तरांच्या दारात जाऊन विचारतो, चारचौघांत."
निघालोच. कुंपणाच्या बेड्यापर्यंत, फाटकाशी पोचलो तेव्हा मागून ओरडली —
"तू परत कॉलेजात जावंस म्हणून! झालं समाधान? दीड महिना अळणी गिळलं. मोडलास मेल्या नेम!"
घागर तिथंच टाकून गेली.

२० ऑगस्ट
कॉलेजात जावं — म्हणजे इथून टळावं म्हणून तर नव्हे? हेही मनात आलं. लाज वाटते लिहायला.

२१ ऑगस्ट
हौसाकाकू कपाळाला हात लावून — "नेम पहिल्यापासून धरलान परत!"
तासाभरात पत्र लिहिलं कॉलेजला. प्रोफेसरांना उलट बोलून, अर्ध्या वर्षात उठून आलो होतो. सपशेल माफी मागितली. लगेच टपालात टाकलं.

६ सप्टेंबर
कॉलेजचं उत्तर आलं. नाव काढून टाकलंय, परत घेणार नाहीत. हिरा अजून अळणीच जेवते आहे. तिला सांगितलं नाही.