घरात माणसं किती

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय बिट्टू,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. बाबांचा खोकला उतरलाय. घरमालकाला जागा परत हवी आहे, म्हणून आम्ही घर बदलतोय. दोन घरं पाहिली, एक दोन खोल्यांचं, एक तीन खोल्यांचं. एजंट उत्तर मागतोय. फोनवर तू "मला धरू नका" म्हणालीस, ते या सुट्टीत घरी येण्यापुरतं की कायमचं, हे बाबांनी तुला विचारलं नाही. मीही नाही. त्यांचा कल दोन खोल्यांकडे आहे.

असो. शाळेतली गंमत सांगते.

सातवीला सांख्यिकी सुरू केली. पहिल्याच तासाला विचारलं, तुमच्या हजेरी क्रमांकांची सरासरी काढली तर काय मिळेल? मागून आवाज आला, "मधल्या बाकावरचा ढोल्या!" काही आकडे मोजून मिळतात, काही नुसते ओळखीपुरते चिकटवलेले असतात, एवढं त्यांना त्यातून कळलं. मग ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरात माणसं किती ते सांगायचं आणि सगळ्यांचा मिळून एक स्तंभालेख काढायचा. मोजायचा आकडा, त्यामुळे सोपा, असं मला वाटलं होतं.

वर्गात जुळी भावंडं आहेत. भाऊ म्हणाला चार. बहीण म्हणाली पाच.

"मॅडम, हिला मोजता येत नाही!"

"येतं. हा बाबांना धरत नाही."

"ते असतात कुठे घरी?"

मी म्हटलं, आधी धरायचं कोणाला ते ठरवू या.

"काल रात्री जो घरी झोपला तो."

"मग माझी आई गेली. तिला रात्रपाळी असते."

"ज्याचा ब्रश घरात आहे तो."

"आमच्या आजोबांना दातच नाहीत."

"जो यायचा असला की आपण आतून कडी लावत नाही, तो," जुळ्यांतली बहीण म्हणाली.

"मग चोरालापण धरा!"

वर्ग खूप हसला. तीही हसली, पण आकडा बदलायला तयार होईना. शेवटी त्यांच्या स्तंभात पाचवा चौकोन काढला आणि कोराच ठेवला. खाली भावानेच टीप लिहिली: कोरा चौकोन म्हणजे वाद चालू आहे.

मग कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी किती?"

मी खडू शोधू लागले.

"मॅडम, हातातच आहे."

तेवढ्यात घंटा झाली.

जुळ्यांतला भाऊ मागे रेंगाळला. पुढचा धडा क्रमिकांचा, म्हणजे ओळीतला पुढचा आकडा ओळखायचा. त्याने तो आधीच वाचला होता. "सहा, पाच, चार," तो म्हणाला. "आजी वारली, मग बाबा गेले. पुढचा सांगा." मी म्हटलं, तीन आकड्यांवरून नियम ठरत नाही. "मग किती लागतात?" मला माहीत नाही, म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दप्तर उचलून पळाला.

मी या घरात आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. दोनाचे तीन झाले, असं मी धरलं. तू काय धरलंस ते कधी विचारलं नाही. वर्गात मुलांना जे पहिल्या तासाला विचारलं, ते घरात विचारायला मला इतकी वर्षं का लागली, कोण जाणे. आता विचारते आहे. उत्तर मला आवडेल असंच असायला हवं, असं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

हे लिहीत असतानाच एजंटचा फोन आला. "माणसं किती, मॅडम?" तीन, म्हटलं. बाबा समोरच बसले होते. चहाचा कप खाली ठेवला, मापाची टेप काढली आणि तुझ्या खोलीत गेले. आता तिथून ओरडून विचारताहेत, तुझं कपाट खोलून दोन भागांत नेता येतं का. मला माहीत नाही. तुला माहीत असलं तर कळव.

बाबांची बायको,
आणि तुझी जी काही असेन ती