पडदेवालीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, नगरपालिकेच्या नाट्यगृहात हयातभर पडदे रंगवलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. पाय मात्र ठिकाणावर राहत नाहीत. चार ओळी झाल्या की मी उठते, खिडकीपर्यंत जाते, पुन्हा येऊन बसते. अक्षर वेडंवाकडं दिसल्यास त्याचा भलता अर्थ लावू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. वारस. मला मूलबाळ नाही. माझे यजमान त्याच नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते, विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले. धाकटा सख्खा भाऊ एक आहे. तो नगरसेवक होता. त्याच्याबद्दल पुढे लिहीन, आत्ता लिहिलं तर पेनाचं टोक मोडेल.

कलम दोन. पडदे. जंगल, राजवाडा आणि भिजलेला रस्ता असे माझे मोठे पडदे नाट्यगृहात कुलपाआड आहेत. वकील म्हणाले, "बाई, ते पालिकेचे. तुम्हाला कुणाला देता येणार नाहीत." म्हटलं, मग निदान इच्छा म्हणून लिहिते. कधी काळी कुलूप निघालं तर त्यांना आधी ऊन दाखवावं. आत छत गळतंय आणि माझं जंगल कुजतंय, या विचाराने मला बसवत नाही.

कुलूप का लागलं, तेही नोंदवते. पालिकेच्या सभागृहात दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. अध्यक्ष निवडला जाईना, अंदाजपत्रक मंजूर होईना. सोमवारी सभा भरायची, माइक ओढाओढी व्हायची, सभा तहकूब. छताच्या दुरुस्तीला मंजुरी नाही म्हणून नाट्यगृह बंद झालं. मग वाचनालय. मग पालिकेच्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करायचा हुकूम द्यायला कुणी धनीच उरला नाही. यजमानांचं डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर होतं.

कलम तीन. माझे ब्रश, रंग, दोऱ्या आणि मोठी शिडी नाट्यगृहाच्या सुतारमामांना आणि त्यांच्या बॅकस्टेजच्या मंडळींना समाईक द्यावी. कारण असं. यजमान जिन्यापाशी धापा टाकत बसले होते. नाटकं बंद म्हणून ही मंडळी बेकारच होती. सुतारमामा म्हणाले, "वहिनी, आम्ही अख्खा राजवाडा अंधारात हलवतो. साहेब म्हणजे काय, हलकं फूल!" राजाची खुर्ची दुरुस्तीसाठी त्यांच्या घरी होती, म्हणून कुलपातून वाचलेली. तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले आणि यजमानांना उचललं. वर पोचल्यावर ते म्हणाले, "जन्मभर विंगेत उभा राहिलो. सिंहासन मिळालं ते इथे!" सगळा वॉर्ड हसला. दुसऱ्या दिवसापासून जिन्यापाशी रांग लागली. पाय मोडलेला टपालवाला, दिवस भरलेल्या बायका, सगळ्यांना या मंडळींनी वर नेलं.

कलम चार. भाऊ. मी त्याच्या घरी गेले होते. म्हटलं, "बाकी काही करू नकोस. सभेत एकदा समोरच्यांच्या बाजूने हात वर कर."

"ताई, पक्षाचा आदेश आहे. मी हात वर केला तर संपलो."

"आणि तुझे भावजी?"

"दोन-चार आठवड्यांत मार्ग निघेल गं. दम धर."

मार्ग निघाला नाही. नाट्यगृह उघडा म्हणून कलावंत सभागृहाच्या दारात जाऊन बसले. बॅकस्टेजवालेही सकाळी गेले, दुपारी यजमानांना उचलायला येणार होते. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत कोंबून चौकीत बसवून ठेवलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते मी विचारलं नाही. उत्तर झेपलं नसतं. मी यजमानांचा हात धरून दवाखान्यात खालच्या बाकावर बसले. भावाला फोन केला. "बैठकीत आहे," म्हणाला. संध्याकाळी तो चौकीत जाऊन सगळ्यांना सोडवून घेऊन आला, तोवर डायलिसिसची पाळी गेली होती. पुढची पाळी यायच्या आत यजमान गेले.

त्यानंतरच्या सभेत भावाने हात वर केला. अंदाजपत्रक तेवढं मंजूर झालं, लिफ्ट सुरू झाली; अध्यक्ष मात्र अजून ठरत नाही. पक्षाने त्याला काढलं, त्याच्या दुकानावर दगड पडले, घरमालकाने जागा सोडायला सांगितली. तडजोडीत नाट्यगृहाची तरतूद मात्र कापली गेली, म्हणून कलावंतही त्याच्याशी बोलत नाहीत. मला हे सगळं एकदम आठवतं तेव्हा मी रागावू कुणावर, तेच कळत नाही आणि मी पुन्हा खिडकीपाशी जाते.

कलम पाच. घर. हे राहतं घर माझ्या भावाला द्यावं. अट अशी, की बाहेरची मोठी खोली नाटक मंडळींना तालमीसाठी कायम मोकळी असावी. दार त्याने स्वतः उघडावं, चहा स्वतः करावा आणि भाषण करू नये. मंडळींनी त्याच्याशी बोलावं अशी अट मी घालत नाही. तो त्यांचा प्रश्न. मी त्याला माफ केलं असंही यातून कुणी काढू नये. तो रस्त्यावर राहिलेला मला बघवणार नाही, इतकंच.

हे लिहीत असताना भाऊ स्वयंपाकघरात आहे. मी आजारी पडल्यापासून रोज येतो, औषधं देतो, भांडी घासतो. आत्ता दारात येऊन म्हणाला, "ताई, साक्षीदार कमी पडत असेल तर मी करतो सही."

"तुझी चालणार नाही."

"एवढाही विश्वास नाही?"

"ज्याला काही मिळायचं असतं, त्याची साक्ष घेत नाहीत. वकिलांनी बजावलंय."

तो आत गेला. मघाशीच घासून पालथी घातलेली भांडी तो पुन्हा घासतोय. आवाज येतोय. मी त्याला थांबवलेलं नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून त्यावर सही केली.

सही: पडदेवाली

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. डॉक्टरीणबाई
२. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई

ठिकाण: राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर
दिनांक: सोमवार, आजची सभाही तहकूब