अमोलने प्रसाद घेतला नाही

मनालीच्या वरचा कॅम्प

सौ. शामलास,

गणरायाच्या कृपेने मी बरा आहे. थंडी फार, पण मी रांधतो ते स्वयंपाकघर ऊबदार असते. इथे फोन लागत नाही, म्हणून भाजीच्या गाडीसोबत हे पत्र खाली पाठवतो. तुझा गुडघा कसा आहे?

चतुर्थीला नैवेद्य दाखवून तू दिलेले डिंकाचे लाडू टीमच्या सायकलपटूंपुढे ठेवले. आपल्या शेजारच्या कांताबाईंच्या अमोलने हात मागे घेतला. "नको काका. घरच्या खाण्यातून डोपिंगच्या तपासणीत काही निघालं, तर टीममधून काढतीन मले."

मी वाईट वाटून घेतले नाही. नियम तो नियम.

पण संध्याकाळी त्याच अमोलने टीमच्या डॉक्टरपुढे मुकाट्याने दंड उघडा केला. औषधाच्या बाटलीवर नावसुद्धा नव्हते. मी विचारले, "हे कायचं इंजेक्शन गा?"

"ताकदीचं म्हणते डॉक्टर. तुम्ही भाजी पाहा न काका, करपून राहिली."

मी सोबत आहे म्हणूनच कांताबाईंनी त्याला एवढ्या लांब धाडले. त्याच्यासाठी रोज देवापुढे हात जोडतो, पण त्याला पुन्हा विचारायला जीभ रेटत नाही.

हल्ली चढावर तो सगळ्यांच्या पुढे असतो. कांताबाईंनी विचारले तर तेवढे सांग. त्यांना आनंद होईल. मलाही व्हायला हवा होता.

चि. काजलला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
वामन