साइडपट्टीतला ऊस

बुधवार, संध्याकाळ. बारामती

प्रस्तावातून पदपथ गेला आणि स्वागत कमान राहिली, हे अभियंतासाहेबांनी आत्ताच फोनवर पक्कं केलं. हाच प्रस्ताव तपासायला मला पाठवलंय, मग मी तपासलं काय? अनुदान कशासाठी आहे? फाट्यावर एसटीतून उतरलेल्या माणसाला गावापर्यंत नीट चालत जाता यावं म्हणून. कमानीखालून चालायचं तरी कशावरून?

कारण काय, तर साइडपट्टीत ऊस आहे. जागा सरकारी, ऊस रस्त्याला लागून शेत असलेल्या तात्यांचा, अगदी डांबराला टेकलेला. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून मी हेच समजावत होतो.

"पायी कोण चालतंय सायेब? घरटी गाडी हाय," तात्या म्हणाले.

चहा घेऊन आलेली त्यांची सून म्हणाली, "मी चालते की, मामंजी. एमआयडीसीतनं सुटल्यावर, रोज."

"मग कडंनं चालायचं."

"कडंला तुमचा ऊस हाय. ट्रॉली आली की कुठं जाऊ, उसात?"

तात्या मिशीत हसले. मला हसू आलं नाही. मागून ट्रॉली, बाजूला ऊस, वर अंधारून आलेलं. खरंच, जाणार कुठं ती?

शेवटी तात्या म्हणाले, "ऊसतोड होऊ द्या, मग सोडतो पट्टी." सोडतील? तोडीनंतर त्याच बुडख्यातून पुढचं पीक, खोडवा, आपोआप फुटतो. उभं पीक कोण सोडतं?

उद्या सकाळी अहवाल द्यायचा आहे. कमान खोडून पदपथाची शिफारस केली आहे, अभियंतासाहेब चिडतील. तोड पंधरवड्यात येईल म्हणतात. खोडवा फुटायच्या आत पट्टीची आखणी झाली नाही, तर तात्यांची सून आणखी वर्षभर डांबरावरूनच चालेल.